चौदाव्या पानावरची सही

१

बुधवारी संध्याकाळी फाइल उघडली तेव्हा तिच्यात एकसष्ट पानं होती. गुरुवारी सकाळी साठ भरली. चंदीगडमधल्या त्या खाजगी रुग्णालयाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूमचं कुलूप शाबूत होतं, पहारेकरी शाबूत होता, फाइलीची लाल नाडीसुद्धा गाठीसकट शाबूत होती. फक्त तेराव्या पानानंतर एकदम पंधरावं येत होतं.

रुग्णालयातून माणूस गेला तर फारसा गाजावाजा होत नाही. त्याची सोय त्याच तळघरात शेजारच्या थंड खोलीत केलेली असते. कागद गेला तर मात्र आभाळ कोसळायला हवं. निदान तशी रीत आहे.

ही हकीकत शुक्रवारी सकाळी रागिणी भोईटे सांगत होती, आणि ऐकत होत्या लेफ्टनंट कर्नल यमुना खर्डेकर, मिलिटरी नर्सिंग सर्विस, निवृत्त. यमुनाबाई मूळच्या साताऱ्याच्या. निवृत्तीनंतर त्या चंदीगडलाच राहिल्या, कारण यजमान बाबुरावांना इथले सरळ रस्ते आवडले. मागच्या वर्षी महाराष्ट्र मंडळाचा मोदकांचा पितळी साचा कोणी ढापला हे यमुनाबाईंनी तीन प्रश्नांत शोधून काढलं होतं. तेव्हापासून मंडळातली माणसं त्यांना टाळत आणि अडचणीत सापडली की त्यांच्याकडेच येत.

"काकू, चौदाव्या पानावर माझी सही आहे," रागिणी म्हणाली.

"आहे म्हणजे? तुझी आहे की तुझ्यासारखी आहे?"

"तेच तर मला माहीत नाही."

रागिणीच्या शेजारी तिची नणंद बसली होती. मधुरिमा मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिने वहिनीचा हात धरला होता, आणि तो हात धरून धरून पांढरा पडला होता.

गेल्या वर्षी सातव्याच महिन्यात रागिणीचा रक्तदाब चढला आणि पोट उघडून बाळ काढावं लागलं. मुलगा. वजन अकराशे ग्रॅम. नवरा मेजर शंतनू तेव्हा लडाखच्या चौकीवर, तो पोचला सहाव्या दिवशी. तिसऱ्या रात्री रागिणीला आकडीचा झटका आला आणि दोन दिवस ती औषधाच्या सलाइनवर गुंगीत होती. बाळ तोवर काचेच्या पेटीत बरं होतं. आईचं काढून ठेवलेलं दूध नळीने थेंबथेंब घेत होतं. पाचव्या दिवसापासून त्याचं पोट फुगायला लागलं. कातडी ताणून चकचकीत झाली, मग निळसर. नळीतून हिरवं पाणी येऊ लागलं. दहाव्या दिवशी बाळ गेलं. आतडी सडली, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या लहान जिवांना होतं असं.

पुढे तीन महिन्यांनी मधुरिमाने वाचलं की परदेशात शेकडो आईबाप डब्याच्या दुधाच्या कंपन्यांवर दावे लावून बसलेत. त्यांचं म्हणणं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते दूध दिलं की या आजाराचा धोका वाढतो, आणि हे कोणी सांगितलं नाही. मधुरिमानेच वकील गाठला. रुग्णालय आणि कंपनी दोघांवर ग्राहक आयोगात दावा लागला. आयोगाने विचारलं, आईचं दूध फ्रिजमध्ये असताना डब्याचं का दिलं? रुग्णालयाने चौदाव्या पानाचा स्कॅन पाठवला. चौथ्या दिवसाची परवानगी. खाली सही: रागिणी.

"सोमवारी मूळ कागद अक्षरतज्ज्ञाला दाखवायचा होता," रागिणी म्हणाली. "आता तो नाही. काकू, दावा हरू दे. मला फक्त एवढं कळायला हवं की गुंगीत मी हो म्हटलं होतं का. रोज दुपारी डोळा लागला की कोणीतरी मला विचारतं, 'दूध दें क्या?' आणि मी मान हलवते. ते स्वप्न आहे की आठवण, तेवढंच सांगा."

यमुनाबाईंनी चष्मा पुसला. "बुधवारी फाइल पाहायला कोण कोण होतं?"

"मी, मधू, आमचे वकील चढ्ढा, आणि रुग्णालयाचे अभिषेक सूद."

"म्हणजे चौघांतला एक," बाबुराव चहाचा ट्रे ठेवत आनंदाने म्हणाले. मग दोघींचे चेहरे दिसल्यावर ते साखर आणायला आत गेले. साखर ट्रेमध्येच होती.

२

अभिषेक सूद हा रुग्णालयाचा कायदेशीर बाबींचा अधिकारी. तळघरात बसून बसून त्याचा रंग फाइलींच्या पुठ्ठ्यासारखा झाला होता, पण स्वभाव गोड.

"मॅडम जी, चोरी तो चोरी है," तो म्हणाला. "लेकिन किस पे शक करें? वो बेचारी तो माँ है."

"पोलिसांत दिलंत?" यमुनाबाईंनी त्याला हिंदीतच विचारलं.

"जाने दीजिए. स्कॅन है ना हमारे पास. पक्का है."

त्याने स्कॅनची प्रत समोर ठेवली. यमुनाबाईंनी ती डोळ्यांजवळ नेली. वर रुग्णालयाचं नाव नाही. मधे छापील मजकूर: बाळाला पूरक दूध देण्यास माझी संमती आहे. तारीख, सही, साक्षीदार म्हणून सिस्टर जसलीनची सही. त्याच्या खाली लगेच कागद संपत होता, जणू कोणी विळीवर शेपटी उडवली असावी.

आणि सगळ्यांत वर, बाळाच्या नावासमोर, स्वच्छ इंग्रजी अक्षरांत: अंशुमन.

यमुनाबाईंनी सावकाश उरलेली साठ पानं उलटली. प्रत्येक पानावर एकच नाव होतं: बेबी ऑफ रागिणी.

"हा अंशुमन कोण?" त्यांनी विचारलं.

सूद हसला. रुग्णालयाच्या बचावाचा सगळ्यांत भक्कम दगड कालच चोरीला गेलेला हा माणूस, आणि हसू असं की लग्नघरात शोभावं.

"वही तो मर गया ना, मॅडम जी," तो म्हणाला.

३

बावीस सेक्टरात, लेडीज सूटच्या दुकानावरच्या माळ्यावर अ‍ॅडव्होकेट नरेंद्र चढ्ढांचं ऑफिस होतं. फॉर्मवरचं नाव ऐकताच त्यांनी टेबलावर असा हात मारला की खालच्या दुकानातल्या मुलीने वर पाहिलं.

"मैं क्या कह रहा था! बच्चे का नाम रखा ही नहीं गया. कंप्लेंट में नाम नहीं, डेथ सर्टिफिकेट में नाम नहीं. और इनके फॉर्म पे अंशुमन! किसी और बच्चे का फॉर्म उठा के साइन ठोक दी. फिर ओरिजिनल खुद गायब कर दिया. फोर्जरी, कर्नल मॅडम, शुद्ध देसी फोर्जरी."

"आणि खोटी सही कोणी केली?"

"गवाह कौन है? सिस्टर जसलीन. सोमवार को उसके खिलाफ पोलिस में अर्ज़ी. अंदर जाएगी."

यमुनाबाईंनी तिथूनच रागिणीला फोन केला. अंशुमन हे नाव तिने आयुष्यात कधी उच्चारलेलं नव्हतं. स्कॅन आला तेव्हा तिची आणि चढ्ढांची नजर सहीवरून वर गेलीच नव्हती. नाव ठेवायचं ते बाराव्या दिवशी, बारशाला. बाळ दहाव्यालाच गेलं.

"मग ती सही माझी नाही, काकू?" फोनमधला आवाज वर्षभरात पहिल्यांदा सरळ झाला होता.

हो म्हणणं सोपं होतं. चढ्ढांनी तर मिठाईचा डबाही उघडला होता. पण बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एक सवय लागते: रुग्ण अचानक बरा दिसायला लागला की ती आधी नाडी पाहते.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "अजून नको."

४

सिस्टर जसलीन रोज रोपडहून येऊन-जाऊन करायची. दुपारची पाळी संपल्यावर यमुनाबाईंनी तिला त्रेचाळीस सेक्टरच्या बस अड्ड्यावर गाठलं. पंचविशीची पोर. पोलिसांत अर्ज जाणार असल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

"मैंने कोई जाली साइन नहीं की, मॅडम. वाहेगुरु जानता है."

"मग फॉर्म कोणाला दिलास? रागिणीला?"

जसलीनने बस येतेय का ते पाहिलं. "उस दिन अठारह बच्चे, हम दो सिस्टर. फॉर्म का पॅड पडा रहता है. फाडो, जो बाहर खडा है उसको पकडाओ. मम्मी बेहोश है तो बोलते हैं, मम्मी की जगह कर दो जी. एक दिन में दस-बारह. किसकी शकल याद रहेगी?"

"आणि बाळाचं नाव तू लिहिलंस?"

"नाम?" जसलीनला हसू आलं, तेवढ्या भीतीतही. "नाम कौन लिखता है मॅडम? हमारे यहाँ सब बेबी ऑफ फलानी. नाम तो घरवालों को भी पता नहीं होता."

"पॅड कुठून येतो?"

रोपडची बस लागली. जसलीन उत्तर न देता चढली आणि खिडकीतून तिने एकदाच मागे पाहिलं. पाहिलं ते यमुनाबाईंकडे नव्हे. त्यांच्या पाठीमागे, खांबाआड गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र घातलेलं कोणीतरी फोनवर बोलत उभं होतं. यमुनाबाई वळल्या तेव्हा तिथे खांबच होता.

शनिवारी सकाळी बाबुराव दूध आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले.

"अगं, फाटकाला एक पिशवी टांगलीय. आत काहीतरी डब्यासारखं आहे. मी हात लावलेला नाही. मी सिनेमे पाहिलेले आहेत."

५

डबा होता तो दुधाच्या पावडरीचाच, पिवळ्या टोपणाचा, रिकामा. बाबुराव स्वयंपाकघराच्या दारातून सूचना देत होते. यमुनाबाईंनी पिशवीचं तोंड पाहिलं आणि त्यांचे खांदे खाली आले. ते कागदी चिकटपट्टीने बंद केलं होतं, आणि पट्टीचं टोक आतल्या बाजूला जरासं दुमडलं होतं. रुग्णाची कातडी न ओढता पट्टी निघावी म्हणून असं टोक दुमडायला नर्सला पहिल्या वर्षी शिकवतात. मग ती पुढे राखीसुद्धा तशीच बांधते.

"धमकी नाही हो," त्या म्हणाल्या. "ही पोर घाबरलीय, पण बोलतेय."

डब्यात गुंडाळलेला एक पॅड होता. तोच फॉर्म, कोरा, पन्नासेक पानं. आणि स्कॅनमध्ये जिथे कागद संपला होता त्याच्या खाली प्रत्येक पानावर आणखी बोटभर जागा होती. तिथे बाटली धरलेलं हत्तीचं हसरं पिल्लू, दूध कंपनीचं नाव, आणि बारीक अक्षरांत: रुग्णालयांसाठी सप्रेम भेट.

आईच्या दुधाच्या जागी जाणारं दूध बनवणाऱ्या कंपनीने रुग्णालयांना भेटी देऊन जाहिरात करायची नाही, असा या देशात कायदा आहे. इथे तर कंपनीने परवानगीसुद्धा आपणच छापून पुरवली होती. विकणाराही तोच, आणि 'आम्हाला हवंय' म्हणणाराही त्यानेच लिहून ठेवलेला!

सूद का हसत होता ते आता कळलं. स्कॅनची शेपटी त्याने कापली असणार. मूळ पान आयोगासमोर गेलं असतं तर हत्ती दिसला असता. पान चोरीला गेलं, आणि चोराने त्याच्यावर उपकारच केले. पण पान त्याने स्वतः चोरलेलं नव्हतं. ते त्याला नाहीसंच करायचं असतं तर आयोगाला कळवण्याआधी वर्षभर त्याच्याच कपाटात होतं.

चढ्ढांना विश्वास होता की पान खोटं ठरेल; ते चोरून त्यांचा काय फायदा? रागिणीला तर ते पान हवंच होतं.

यमुनाबाई खुर्चीत बसल्या. बाबुरावांनी न सांगता चहा आणला, म्हणजे चेहरा बराच वाईट झाला असावा.

"अहो, आपल्या विजूचं नाव कोणी ठेवलं?"

"माझ्या बहिणीने. दुसरं कोण ठेवणार? आत्याचा मान."

"आणि बारशापर्यंत कोणाला सांगितलं?"

"छे! पाळण्यापाशी कानात सांगेपर्यंत मलासुद्धा पत्ता नव्हता. मी विनायक धरून चाललो होतो."

खोटा कागद करणारा माणूस बाकीच्या साठ पानांकडे बघून करतो. त्याने बेबी ऑफ रागिणीच लिहिलं असतं. नर्सने तर नक्कीच. नावाच्या जागी खरंखुरं नाव कोण लिहील? ज्याला रुग्णालयाची रीत माहीत नाही, आणि चौथ्याच दिवशी ज्याच्या मनात नाव तयार आहे असा माणूस. जगात असा एकच माणूस होता.

खात्री करायला एक फोन पुरेसा होता. बावीस सेक्टरात एक सरदारजी सराफ आहेत. मराठी बारशाची वाटी कशी असते हे चंदीगडात त्यांनाच ठाऊक, म्हणून फौजेतली सगळी मराठी घरं त्यांच्याकडेच जातात.

"हाँ जी, याद है," सरदारजी म्हणाले. "पिछले साल, मोहाली वाली मॅडम. चांदी दी कटोरी, उत्ते नाम खुदवाया सी. लेने ही नहीं आई. अज वी इधर ही पई है. रुको, पढता हूँ..."

यमुनाबाईंनी डोळे मिटून ते नाव ऐकलं.

६

रविवारी सकाळी त्यांनी मधुरिमाला घरी बोलावलं आणि बाबुरावांना तलावावर फिरायला पाठवलं.

"नाव छान होतं," यमुनाबाई एवढंच म्हणाल्या.

मधुरिमा रडली नाही. तिने पर्सचा पट्टा नीट केला.

"सिस्टर बाहेर आली, काकू. म्हणाली, बच्चे को ताकत का दूध देना है, मम्मी की जगह साइन कर दो. वहिनी गुंगीत, दादा लडाखला. माझ्या हातात पेन दिलं. मला इतकं मोठं वाटलं. बाळाचं नाव, असं लिहिलं होतं. मला वाटलं, इथे तर खरं लिहायलाच हवं. दोन ओळी वाचल्या नाहीत मी. रोज ऑफिसात शंभर पानांचे करार वाचते, यार, आणि दोन ओळी..."

"कधी कळलं?"

"दावा लावला तेव्हा नाही. खरंच नाही. मला वाटायचं, ती सही ताकदीच्या औषधाची होती. महिन्यापूर्वी तो स्कॅन आला. माझंच अक्षर. बुधवारी चौदाव्या पानापर्यंत पोचायच्या आधीच चढ्ढा आणि सूद पावसाळी अधिवेशनासारखे भांडायला लागले, वहिनी पाणी प्यायला बाहेर गेली. मी पान काढलं आणि ओढणीत घातलं."

"जाळलंस?"

मधुरिमाने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. "तीनदा गॅस पेटवला. त्याचं नाव लिहिलेला कागद जगात तेवढाच आहे."

यमुनाबाईंनी पान उजेडात धरलं. खाली हत्तीचं पिल्लू हसत होतं.

"आता ऐक. हा कागद गायब राहिला तर चढ्ढा म्हणणार, खोटी सही. दावा कदाचित जिंकाल. ती पोर तुरुंगात जाईल आणि कंपनीचा हत्ती कोणाला दिसणार नाही. कागद बाहेर आला तर पहिला प्रश्न तुलाच, चोरीचा आणि सहीचा. डब्याच्या दुधानेच बाळ गेलं असं छातीठोक मी सांगणार नाही. धोका वाढतो एवढं मी पाहिलंय. ते आयोग ठरवेल. पण रागिणीला दुपारी झोप लागत नाही, ते आयोगाच्या हातात नाही."

"तुम्ही सांगा ना तिला."

"मी नाही. मी बाहेरची."

त्या दिवशी भोईट्यांच्या घरात काय बोलणं झालं ते यमुनाबाईंनी कधी विचारलं नाही. संध्याकाळी चारला रागिणीचा फोन आला, पाच शब्दांचा: "काकू, मी हो म्हटलं नव्हतं." मग फोन बंद झाला.

७

सोमवारी आयोगात मधुरिमा उभी राहिली आणि तिने पान टेबलावर ठेवलं. सही मी केली, पान मी चोरलं, दोन्ही तिने एका दमात सांगितलं. चढ्ढांचा चेहरा पाहण्यासारखा झाला; आपलाच अशील आपल्याला उलटतपासतोय असा अनुभव त्यांना नवा होता.

रुग्णालयाचे वकील उसळून उठले. "मॅडम, परमिशन तो घरवालों ने ही दी! केस खतम."

अध्यक्षबाई सावकाश होत्या. त्यांनी पान मधुरिमाकडे परत केलं. "बेटा, पढिए. पूरा."

मधुरिमाने वाचलं. वीस सेकंदं लागली.

"इसमें बच्चे की आँतों के ख़तरे की बात कहाँ है?" अध्यक्षबाईंनी वकिलांना विचारलं. "माँ का दूध फ्रिज में रखा है, यह कहाँ लिखा है?"

वकिलांनी पान हातात घेतलं, उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी जरा जास्तच वेळ वाचली.

"और नीचे यह क्या छपा है? आपके स्कॅन में तो नहीं था."

अभिषेक सूदचं हसू तीन दिवसांत पहिल्यांदा गेलं. ते गेल्यावर खाली काय होतं ते दिसलं, आणि यमुनाबाईंनी नजर वळवली. कंपनीच्या वकिलांनी मुदत मागितली. मुदत मिळाली, पण मूळ कागद आयोगाने ठेवून घेतला आणि स्कॅन कोणी कापला याचा खुलासा शपथेवर मागितला. जसलीनविरुद्धचा अर्ज चढ्ढांनी बॅगेतून बाहेरच काढला नाही. मधुरिमाची चौकशी वेगळी होणार होती. ती "जी" म्हणाली.

बाहेर ऊन होतं. शंतनू सुट्टी घेऊन आला होता. तो गाडी घेऊन फाटकापाशी थांबला. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही. मधुरिमा मोहालीची रिक्षा बघत रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. दोन रिकाम्या रिक्षा गेल्या. तिने हात केला नाही.

रागिणी गाडीत बसली, काच खाली केली आणि समोर बघत बसली. शंतनूने किल्ली फिरवली.

"थांब," ती म्हणाली.

ती उतरली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

"गाडीत बस."

"वहिनी, मी..."

"मी तुझ्याशी बोलणार नाहीये. किती दिवस ते मला माहीत नाही. कदाचित वर्ष. तू काही बोलू नकोस, रडू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. पण असं रस्त्यावर उभं राहायचं नाही. बस."

मधुरिमा मागच्या सीटवर बसली. रागिणी पुढे न बसता तिच्याच शेजारी येऊन बसली, दोघींच्या मधे पर्स ठेवून. गाडी निघाली.